बालरोग नियतकालिकाचा संपादक बदलतो तेव्हा…

सातारा/सांगली (प्रतिनिधी) : एखाद्या वैद्यकीय नियतकालिकाचा संपादक बदलला, ही घटना वृत्तपत्रांत सहसा एका ओळीचीही बातमी होत नाही. मात्र साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात किंवा सांगलीच्या वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात दाखल होणाऱ्या बालकावर कोणते उपचार करावेत, याचा आधार ठरणारे संशोधन अशाच नियतकालिकांतून डॉक्टरांपर्यंत पोहोचते. ते छापावे की नाही, याबाबत अखेरचा शब्द संपादकाचा असतो. त्यामुळे संपादकपदावर कोण येतो, यापेक्षाही तो कसा येतो आणि कसा जातो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

नवजात अर्भकाच्या काविळीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. प्रमाणाबाहेर गेलेल्या काविळीने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. प्रकाशाखाली ठेवल्यास ही कावीळ उतरते, हे इंग्लंडमधील डॉक्टरांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले. अमेरिकेत डॉ. जेरॉल्ड ल्युसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला याविषयीचा अभ्यास १९६८ मध्ये ‘पेडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर या उपचाराला तेथे मान्यता मिळत गेली. आज नवजात शिशू कक्षांत निळ्या दिव्याखाली ठेवलेली बाळे दिसतात, त्यामागे हा छापील पुरावा आहे.

हेच डॉ. ल्युसी १९७४ मध्ये ‘पेडिअॅट्रिक्स’चे संपादक झाले आणि २००८ पर्यंत त्या पदावर राहिले. २००९ मध्ये त्यांच्याच व्हरमाँट विद्यापीठातील डॉ. लुईस फर्स्ट यांनी सूत्रे हाती घेतली. सुमारे ३५ वर्षांनी झालेले हे सत्तांतर सुरळीत पार पडले.

मुंबई आणि कलकत्त्याचा संगम

आपल्याकडे बालरोगशास्त्राच्या नियतकालिकांची परंपरा जुनी आहे. कलकत्त्यात डॉ. के. सी. चौधुरी यांनी १९३३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ पेडिअॅट्रिक्स’ सुरू केले. पुढे मुंबईतील डॉक्टरांचे ‘इंडियन जर्नल ऑफ चाइल्ड हेल्थ’ निघाले. मुंबई व कलकत्ता येथील दोन संघटना १९६३ मध्ये एकत्र येऊन ‘इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स’ स्थापन झाली. त्यापाठोपाठ मुंबईचे नियतकालिक आणि कलकत्त्याच्या संघटनेचे मुखपत्र यांचे विलीनीकरण होऊन १९६४ पासून ‘इंडियन पेडिअॅट्रिक्स’ निघू लागले. दोन्ही शहरांनी आपापल्या नियतकालिकाचे नाव सोडले, तेव्हा देशाला एक सामाईक व्यासपीठ मिळाले.

मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि कराडची कृष्णा वैद्यकीय संस्था येथील अध्यापकांनाही या घडामोडींशी देणेघेणे आहे. वैद्यकीय अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी शोधनिबंध प्रसिद्ध होणे आवश्यक असते. साहजिकच संपादकाच्या टेबलावर निबंधांचा ढीग साचतो. प्रत्येक निबंध त्या विषयातील तज्ज्ञांकडे परीक्षणासाठी पाठवणे, त्यांचे मत जोखणे आणि प्रसंगी नामांकित डॉक्टरलाही नकार देणे, हे संपादकाचे काम.

मालक आणि संपादक

अडचण येते ती मालकीच्या प्रश्नावर. अनेक वैद्यकीय नियतकालिके डॉक्टरांच्या संघटनांच्या मालकीची असतात. संघटनेचे हित आणि संपादकाचा निर्णय यांत तेढ निर्माण झाली, तर काय होते, याची दोन उदाहरणे बोलकी आहेत. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने जानेवारी १९९९ मध्ये आपल्या नियतकालिकाचे संपादक डॉ. जॉर्ज लुंडबर्ग यांना १७ वर्षांच्या कारकिर्दीनंतर पदावरून दूर केले. क्लिंटन यांच्यावरील महाभियोगाच्या काळात प्रसिद्ध केलेला एक निबंध त्यास निमित्त ठरला. कॅनडात फेब्रुवारी २००६ मध्ये तेथील वैद्यकीय संघटनेने डॉ. जॉन होई यांना काढले, तेव्हा संपादक मंडळातील बहुतेक सदस्यांनी राजीनामे दिले.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीची भूमिका या बाबतीत स्पष्ट आहे. मजकुराचा पूर्ण अधिकार संपादकाचा असावा आणि मालकाने त्यात हस्तक्षेप करू नये, असे ती सांगते.

स्वातंत्र्याबरोबर जबाबदारीही येते. गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा, अवघ्या १२ बालकांवर आधारलेला निबंध ‘लॅन्सेट’ने १९९८ मध्ये छापला. तो मागे घेण्यास २०१० साल उजाडले. या १२ वर्षांत पसरलेला संशय निबंध मागे घेतल्यानेही पुरता पुसला गेला नाही.

बालरोगाच्या क्षेत्रात व्यापारी दबावही मोठा असतो. भारतात १९९२ चा कायदा व त्यातील २००३ ची दुरुस्ती यांनुसार दुधाच्या डब्यांची व शिशुआहाराची जाहिरात करण्यास बंदी आहे. मात्र लस, औषधे आणि उपकरणे यांचे उत्पादक आहेतच. संशोधनाला कोणी पैसा पुरवला, हे निबंधाखाली छापण्याचा आग्रह नवा संपादक धरतो की नाही, यावर त्याची पारख होते.

म्हणूनच संपादक बदलताना तीन गोष्टी पाहाव्यात, असे म्हणता येईल. नेमणुकीचा कालावधी आधी जाहीर आहे का, निवड खुल्या पद्धतीने झाली का आणि मुदतीपूर्वी दूर करण्याची कारणे लेखी ठरलेली आहेत का? सातारा-सांगलीच्या गावांतील पालक हे नियतकालिक कधी उघडणार नाहीत. पण त्यांच्या बाळाच्या डॉक्टरने ते विश्वासाने उघडावे, एवढी खात्री त्यांना असायलाच हवी.