रोजच्या ताटातील प्रथिने

आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ घरांत आठवड्याचा आहार एका ठरावीक चालीने चालतो. रविवारी मिस्सा आटोपली की बाजारातून मटण किंवा कोंबडी येते आणि दुपारी सर्वांच्या ताटात भरभरून वाढली जाते. सोमवारपासून मात्र भात, पातळ आमटी आणि लोणचे यांवर भागवले जाते. वसईसारख्या किनाऱ्यालगतच्या गावांत त्याला मधूनमधून मासळीची जोड मिळते, एवढेच. 'रविवारी चांगले खाल्ले, आता आठवडाभर चालेल' असा आपला समज असतो. प्रथिनांच्या बाबतीत हा समज खरा नाही.

जास्त खाल्लेले तूप-तेल शरीर चरबीच्या रूपाने साठवून ठेवते व गरजेला वापरते. प्रथिनांसाठी मात्र शरीरात अशी वेगळी कोठी नाही. गरजेपेक्षा अधिक आलेल्या प्रथिनांतील नत्राचा भाग युरियाच्या रूपाने मूत्रपिंडावाटे बाहेर टाकला जातो आणि उरलेला भाग इंधन म्हणून जळतो किंवा त्याचीही चरबी होते. उलट स्नायू, रक्त, त्वचा, पाचकरस, रोगाशी लढणारी प्रतिपिंडे यांची झीज व भर रोज चालूच असते. बाहेरून पुरवठा झाला नाही की शरीर आपल्याच स्नायूंना हात घालते.

१८३८ साली डच रसायनशास्त्रज्ञ मल्डर यांनी 'प्रोटीन' हा शब्द प्रथम छापला. तो त्यांना सुचवला होता स्वीडनच्या बर्झेलियस यांनी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'अग्रस्थानी असलेले' असा आहे. ही प्रथिने सुमारे २० अमिनो आम्लांच्या साखळ्यांनी बनतात. त्यांपैकी ९ आम्ले आपले शरीर तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच यावी लागतात. अंडी, दूध, मासे व मांस यांत ती सर्व योग्य प्रमाणात असतात. तांदूळ, गहू, ज्वारी यांत लायसिन कमी पडते, तर डाळींत मेथिओनिन कमी पडते. डाळीत लायसिन भरपूर असल्याने दोन्ही एकत्र आली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. वरण-भात, भाकरी-पिठले, मुगाची खिचडी हे पदार्थ आपल्या आजीने रसायनशास्त्र न शिकता जुळवले होते. अट एकच, की वरणात डाळ असावी. भाताच्या डोंगरावर पिवळे पाणी ओतल्याने ही जोडी जमत नाही.

किती प्रथिने लागतात? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली दिलेल्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६५ किलो वजनाच्या पुरुषाला ५४ ग्रॅम व ५५ किलोच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने पुरतात. मुख्यतः धान्यावरच भिस्त असेल तर किलोमागे १ ग्रॅम धरावे. आता घरचा हिशोब मांडून पाहू. दिवसभरात २५० ग्रॅम तांदूळ-गहू पोटात गेले तर सुमारे २२ ग्रॅम, ६० ग्रॅम डाळीतून १३, पाव लिटर दुधातून ८ आणि एका अंड्यातून ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. बेरीज ४९ होते. यात महागडे असे काहीच नाही.

येथे एका मराठी शास्त्रज्ञाची आठवण करणे उचित होईल. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी रोम येथील संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत अनेक वर्षे काम केले. गरिबांच्या आहारात प्रथिनांची मोठी तूट आहे असे जगभर बोलले जात असताना त्यांनी आकडेवारीनिशी दाखवले की मुळात पोटभर अन्नाचीच तूट अधिक आहे. पोट अर्धे राहिले तर खाल्लेली प्रथिने शरीर सरपणासारखी जाळून टाकते. वजन घटवण्यासाठी भात-पोळी पूर्ण सोडून केवळ अंडी खाणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी हे ध्यानात घ्यावे.

आम्हांला खरी काळजी वाटते ती घरातील वृद्धांची. दात गेलेले, भूक मंदावलेली. सकाळी चहा-बटर, दुपारी थोडा मऊ भात, रात्री पुन्हा चहा. वयाबरोबर स्नायू घटतातच, अशा आहाराने ते अधिक वेगाने घटतात. मग खुर्चीवरून उठता येत नाही, तोल जातो, एका पडण्याने माणूस अंथरुणाला खिळतो. त्यांना उकडलेले अंडे, काटे काढलेली मासळी, दही, घट्ट वरण असे काहीतरी प्रत्येक जेवणात थोडे थोडे द्यावे.

दुसरी काळजी मातांची. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत रोज २२ ग्रॅम आणि बाळ अंगावर पीत असताना पहिले सहा महिने १७ ग्रॅम प्रथिने जास्त लागतात. तरीही सर्वांना वाढून झाल्यावर कालवणात उरलेल्या रशावर जेवणारी सून आजही अनेक घरांत आहे. माशाची तुकडी तिच्यासाठी आधी बाजूला काढून ठेवावी.

स्वस्त पर्याय आपल्या दारातच आहेत. सुके बोंबील आणि जवळा यांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. मात्र खारवलेली मासळी रक्तदाब असणाऱ्यांनी बेतानेच खावी. मोड आलेले वाल, चणे, शेंगदाणे यांनाही तोड नाही. प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य असले तरी अंडी, दूध, मासळी व कडधान्ये यांना मनाई नसते. डब्यातल्या पावडरींविषयी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत सावधच केले आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, कारण वर दिलेले आकडे त्यांच्यासाठी नाहीत.