गणित, प्रयोगशाळा आणि कारखाना

वैमानिकाची दृष्टी दूर आकाशात असते. वेग, उंची व दिशा मात्र त्याला समोरच्या यंत्रफलकावर वाचावी लागतात. लढाऊ विमानात मान खाली घालण्याचा तो क्षणही महाग पडतो. म्हणून हे आकडे त्याच्या डोळ्यांसमोरील तिरप्या काचेवरच दाखविण्याची युक्ती निघाली. १९५९ साली स्थापन झालेल्या व १९६२ साली चंदीगडला आलेल्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेने ‘तेजस’ विमानासाठी असे उपकरण सिद्ध केले. शेजारच्या पंचकुला येथील भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात त्याचे उत्पादन झाले.

वरवर पाहता हे काचेचे व विजेचे काम. पण त्याचा कणा गणिताचा आहे. आकडे उमटतात ते जवळच्या छोट्या पडद्यावर. ते क्षितिजाइतके दूर दिसावयाचे, तर भिंगांतून बाहेर पडणारे किरण समांतर असले पाहिजेत. भिंगाची वक्रता, जाडी किंवा अंतर यांत थोडा बदल झाला की किरणांची वाट बदलते. म्हणून असंख्य किरणांचे मार्ग गणून, कमीत कमी दोष असलेली रचना शोधावी लागते. विमानाच्या वक्र छतामुळे किरण वळतात, त्याचीही भरपाई करावी लागते. एका मिलिरेडियनची चूक एक किलोमीटरवर एक मीटर होते, हे लक्षात घेतले म्हणजे या गणनेचे मोल कळते.

याच चंदीगडात पंजाब विद्यापीठ आहे. तेथे दीर्घकाळ अध्यापन करून पुढे कुलगुरू झालेले गणिती राम प्रकाश बंबाह यांनी १९५४ साली एका प्रश्नाचे उत्तर दिले. सारख्या गोलांनी, जाळीसारख्या नियमित रचनेत, सर्व अवकाश झाकावयाचा तर सर्वांत काटकसरीची मांडणी कोणती? गोलांची केंद्रे घनांच्या कोपऱ्यांवर व मध्यबिंदूंवर ठेवावीत, असे त्यांनी सिद्ध केले. हा प्रश्न शुद्ध गणिताचा होता. पण १९८३ साली ॲडलेड विद्यापीठाचे बार्न्स व अमेरिकेतील दूरध्वनी उद्योगाच्या बेल प्रयोगशाळेतील स्लोन या दोघांनी मिळून दाखविले की, तीन-तीन मापे एकत्र घेऊन अंकांत नोंदविताना, नियमित जाळ्यांपैकी सर्वांत कमी चूक याच मांडणीने होते.

हे २९ वर्षांचे अंतर कोणत्याही वार्षिक अंदाजपत्रकात बसत नाही. कारखान्याला आपली अडचण ठाऊक असते, पण ती समीकरणात मांडणारा माणूस त्याच्यापाशी असतोच असे नाही. विद्यापीठात तो माणूस असतो, पण अडचण तेथवर पोहोचत नाही. ही गाठ घालून देणे आणि फळाची वाट पाहणे, ही दोन्ही कामे सरकारचीच. दर वर्षी केवळ उपयोगाचा दाखला मागितला, तर १९५४ सालासारखे संशोधन संपेल. कधीच काही विचारले नाही, तर विद्यापीठ व कारखाना एकाच शहरात राहूनही परस्परांना अपरिचित राहतील. गणिताच्या विद्यार्थ्याने काही महिने कारखान्यात घालवावेत आणि अभियंत्याने आपला अडलेला प्रश्न घेऊन विद्यापीठाची पायरी चढावी, इतकी सोय झाली तरी आरंभ झाला असे म्हणता येईल.