गोजिऱ्याचं सोंग

गॉडझिलाचं जपानी नाव 'गोजिरा'. गोरिला आणि 'कुजिरा', म्हणजे देवमासा, या दोन शब्दांच्या जोडीतून झालेलं. मराठी कानाला मात्र ते बाळाचं लाडाचं नाव वाटतं आणि मला त्यात काही खटकत नाही.

मागच्या उन्हाळ्यात नंदुरबारच्या घरी गल्लीतली पोरं गोळा करून १९७३ सालचा 'गॉडझिला विरुद्ध मेगालॉन' लावला होता. शेवटच्या मारामारीत गॉडझिला शेपटीवर तोल सावरत जमिनीलगत घसरत येतो आणि दोन्ही पाय मेगालॉनच्या छातीत घालतो. एकदा नव्हे, दोनदा. पोरं हसून हसून खाटेवरून खाली आली. मग त्यातल्या सगळ्यात धाकट्याने विचारलं, "मामा, आतमा कोण शे?"

आत माणूस आहे. या सिनेमांची सगळी गंमत त्या माणसावर उभी आहे.

सुरुवात मात्र गमतीची नव्हती. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि तिची राख 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी मासेमारी बोटीवर पडली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला तोहो कंपनीचा 'गोजिरा' पडद्यावर आला. निर्माता तोमोयुकी तानाका, दिग्दर्शक इशिरो होंडा. बॉम्बच्या चाचण्यांनी समुद्रतळातून उठवलेला हा प्राणी. त्याची कातडी पाहा, भाजून बऱ्या झालेल्या जखमेच्या वणांसारखी आहे.

ट्रिक दृश्यं एइजी त्सुबुराया यांच्याकडे होती. १९३३ सालच्या 'किंग काँग'सारखी बाहुली एकेका चौकटीसाठी तसूतसूने हलवावी, ही त्यांची हौस. पण तसं करत बसायचं तर वर्षंच्या वर्षं गेली असती. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. त्यांना वेळेचं आणता येईना. म्हणून बाहुलीऐवजी माणूसच सोंगात शिरला.

पहिलं सोंग सुमारे शंभर किलोचं आणि इतकं ताठ, की आत शिरलेल्या हारुओ नाकाजिमा यांना त्यात जेमतेम काही पावलं टाकता आली. मग दुसरं, जरा हलकं केलं. मानेत बारीक भोकं होती, त्यांतूनच बाहेर बघायचं. वर दिव्यांची आग, आत रबराची कोंडी. शॉट संपला की आतला घाम निथळून काढावा लागे. शहर पंचविसाव्या हिश्श्याचं बांधलेलं. कॅमेरा जास्त वेगाने फिरवायचा, म्हणजे पडद्यावर चाल संथ होते आणि पावलाला वजन येतं. नाकाजिमांनी प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं पाय कसे टाकतात ते पाहिलं होतं. ती डरकाळीही कुठल्या जनावराची नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी राळ लावलेला चामडी हातमोजा डबल बेसच्या सैल केलेल्या तारांवर घासून ती काढली.

पुढे प्रेक्षकांत पोरं वाढली आणि सोंगाला रंग चढला. १९६५ साली परक्या ग्रहावर लढाई जिंकून गॉडझिला चक्क उड्या मारत नाचला. ती उडी त्या काळच्या एका गाजलेल्या जपानी विनोदी चित्रकथेतून उचललेली. १९७१ साली प्रदूषणाच्या गाळातून जन्मलेल्या हेडोराच्या मागे लागून तो तोंडातल्या झोताच्या जोरावर उलटा उडाला. जाणकारांनी नाकं मुरडली. मला ही वर्षं फार प्रिय आहेत. एवढं ओझं अंगावर घेऊन जो नाचतो, त्याच्या नाचाला मी हलकं म्हणणार नाही. नाकाजिमा १९७२ पर्यंत बारा सिनेमांत त्या रबरात उभे होते.

आपल्या मुंबईतही १९६६ साली याच वळणाचा 'गोगोला' नावाचा हिंदी सिनेमा निघाला होता. आज त्याची प्रत सापडत नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

धाकट्याला मी उत्तर दिलं ते काठीच्या होळीचं. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी त्याने पाहिली होती. तिथले बावा-बुध्या अंगभर पांढरी नक्षी काढतात, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू बांधतात, डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा, मोरपिसांचा उंच टोप चढवतात. त्याआधी कित्येक दिवस व्रत पाळायचं, खाटेवर बसायचं नाही, पायात वहाण घालायची नाही. मग रात्रभर ढोलावर नाच. होळी पेटते ती पहाटे.

"तिथं आत कोण असतं?" मी विचारलं.

"आमना काका," तो म्हणाला. मग त्याने टीव्हीकडे बोट दाखवलं, "याले बी रातभर खाटवर बसू देत नहीत का?"

पुढच्या फाल्गुनात मी काठीला गेलो. उजाडताना एक बुध्या टोप उतरवून झाडाला टेकून उभा होता. पाठीवरची पांढरी नक्षी घामाच्या ओघळांनी उभी चिरली गेली होती. ढोल पुन्हा वाजला, तसा त्याने दोन्ही हातांनी टोप उचलला आणि मान ताठ करून डोक्यावर बसवला.