उठाबशा ही शिक्षा नव्हे

मी ३० वर्षे शाळेत व्यायामशिक्षक होतो. गृहपाठ राहिला की काढ ५० उठाबशा, उशीर झाला की मार मैदानाला फेऱ्या, हाच माझाही खाक्या होता. सातवीतला एक मुलगा पुढे पुढे माझ्या प्रत्येक तासाला पोटदुखीचे निमित्त सांगून बसून राहू लागला, तेव्हा माझे डोळे उघडले. ज्या गोष्टीने मुलाचे मन मोकळे व्हायचे, तिचीच मी त्याला धास्ती घातली होती.

मंडळी, व्यायामाचा आणि मनाचा संबंध साधा आहे. धावून-खेळून दमलेल्या मुलाला रात्री शांत झोप लागते. झोप झालेले मूल चिडचिड कमी करते. नियमित व्यायामाने मुलांमधली उदासी आणि चिंता कमी होते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

ताकदीच्या व्यायामाचा गुण आणखी निराळा. आज दोराला नुसते लोंबकळणारे मूल काही आठवड्यांच्या सरावाने वर चढू लागते. लहान वयात दंड फारसे फुगत नाहीत. मेंदू आणि मज्जातंतू स्नायूंना नेमके कामाला लावायला शिकतात, त्यातून ताकद वाढते. ‘काल जमत नव्हते, आज जमले’ याचा पुरावा मुलाला स्वतःच्याच अंगात मिळतो. त्यासाठी प्रगतिपुस्तक लागत नाही.

‘पण त्याने उंची खुंटेल ना?’ असे पालक विचारतात. जाणकाराच्या देखरेखीखाली, बेताबेताने वाढवलेल्या व्यायामाने उंची खुंटत नाही. उलट जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल सुचवली, आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायामही. त्यासाठी जिम कशाला? जोर, बैठका, दोरीवरच्या उड्या, मल्लखांब आपल्याकडे आहेतच.

मात्र मूल आठवडेच्या आठवडे गप्प असेल, झोप-जेवण बिघडले असेल, तर डॉक्टरांना दाखवा. व्यायाम हा उपचाराचा सोबती आहे, पर्याय नव्हे.

त्या मुलाला मी पुढे एकच काम दिले : दोर किती चढलास, ते रोज वहीत लिहायचे. शर्यत नाही, शिक्षा नाही. पोटदुखी कधी थांबली, ते आम्हा दोघांनाही कळले नाही. त्यानंतर मी कोणालाही शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावल्या नाहीत.