आडात नाही तर पोहऱ्यात कोठून?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस मी इंदूरला आमच्या आत्याबाईंकडे चार दिवस राहून आलो. वाडा जुना, भिंती दीड-दीड हात जाडीच्या. आत्याबाईंनी ऐंशी ओलांडली आहे आणि गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून त्यांचा सारा दिवस मागच्या खोलीतच जातो. नातू जर्मनीत शिकतो आणि दर रविवारी संध्याकाळी आजीला व्हिडिओ कॉल करतो. ‘‘बोलतो कसला!’’ आत्याबाई म्हणाल्या, ‘‘दोन वाक्ये झाली की त्याचा दगड होतो. तोंड उघडे ते उघडेच. मग फोन बंद. कंटाळत असेल रे म्हातारीला.’’

हे शेवटचे वाक्य ऐकून मी चरकलो. दोष होता यंत्राच्या मांडणीत आणि त्याचा ठपका बसत होता नातवाच्या मायेवर!

माझ्या आतेभावाने उपाय केला नव्हता असे नाही. वायफायचा राउटर पुढच्या दिवाणखान्यात. त्याची रेंज मागे पोहोचत नाही, म्हणून त्याने एक एक्स्टेंडर विकत आणला आणि थेट आईच्या खोलीत, तिच्या उशाशी लावला. फोनवर रेंजच्या साऱ्या रेघा भरलेल्या दिसू लागल्या; पण बोलणे मात्र तुटतच राहिले. ‘‘रेघा तर पूर्ण आहेत, मग हे असे का?’’ हा त्याचा प्रश्न होता. श्रोतेहो, हाच प्रश्न आज कित्येक घरांतून विचारला जातो. म्हणून त्याचे उत्तर जरा मुळापासून पाहू.

आकाशवाणीच्या मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर भरते. अशा लहरीला घराची भिंत म्हणजे काहीच नव्हे. वायफायची लहर मात्र आखूड असते. तिच्या दोन प्रमुख जाती आहेत. पहिली सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा स्पंदन पावते. तिची लांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. दुसरी ५०० कोटींहून अधिक वेळा स्पंदन पावते. तिची लांबी जेमतेम चार बोटे. पहिलीला २.४ गिगाहर्ट्झ आणि दुसरीला ५ गिगाहर्ट्झ म्हणतात. दुसरी अधिक वेगाने माहिती नेते, पण भिंतीपुढे लवकर हात टेकते. त्यातून घरगुती राउटरची शक्ती एका वॅटहूनही कमी. जाड दगडी भिंत, लोखंडी सळ्यांचा स्लॅब, पोलादी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी हे सारे या लहरींच्या वाटेतील अडसर होत.

आता एक्स्टेंडरकडे वळू. हे यंत्र स्वतः इंटरनेट निर्माण करीत नाही. राउटरचे बोलणे ऐकावयाचे आणि तेच पुन्हा मोठ्याने सांगावयाचे, एवढेच त्याचे काम. म्हणजे फोनपासून राउटरपर्यंतच्या प्रवासाचे दोन टप्पे होतात. पहिला फोन ते एक्स्टेंडर. दुसरा एक्स्टेंडर ते राउटर. फोनवरच्या रेघा सांगतात त्या केवळ पहिल्या टप्प्याची खुशाली! आत्याबाईंच्या उशाशी असलेले यंत्र त्यांच्या फोनशी खणखणीत बोलत होते. पण तीन भिंतींपलीकडच्या राउटरचे बोलणे त्याला स्वतःलाच धड ऐकू येत नव्हते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

म्हणून एक्स्टेंडर गरज आहे तेथे लावू नये. जेथवर राउटरची रेंज चांगली पोहोचते, त्या सीमेच्या अलीकडे लावावा. ही जागा शोधण्यासाठी एक्स्टेंडर बंद करावा आणि फोन हाती घेऊन राउटरपासून मागच्या खोलीकडे चालत जावे. रेघा निम्म्यावर येऊ लागल्या की थांबावे. रेंजचा आकडा दाखविणारी साधने फोनवर मिळतात. हा आकडा उणे असतो. तो शून्याच्या जितका जवळ, तितकी रेंज जोरकस. उणे ६५ च्या आसपास असेल तर जागा उत्तम. उणे ७५ च्या खाली गेला तर तेथे यंत्र लावणे व्यर्थ. उणे ६० वरून उणे ८० वर येताना शक्ती तिसऱ्या हिश्शाने घटते असे कोणी समजू नये. ती शंभरावा हिस्सा उरते!

दुसरी अडचण यंत्राच्या स्वभावातच आहे. शाहिराच्या मागे झील धरणाऱ्याने आधी ओळ ऐकावी लागते आणि मगच ती उचलावी लागते. एकच लहर वापरणाऱ्या साध्या एक्स्टेंडरचे तसेच आहे. त्याला एकाच वेळी ऐकता आणि बोलता येत नाही. म्हणून वेग जवळजवळ निम्मा होतो. दोन्ही लहरी वापरणारे यंत्र असेल, तर एक लहर राउटरशी आणि दुसरी फोनशी बोलण्यास लावता येते आणि हा तोटा बराच भरून निघतो. मात्र एका एक्स्टेंडरच्या मागे दुसरा एक्स्टेंडर जोडण्याचा मोह टाळावा.

दोष शोधतानाही क्रम हवा. प्रथम राउटरजवळ बसून कॉल करून पाहावा. तेथेही तुटत असेल तर दोष बाहेरून येणाऱ्या जोडणीत किंवा राउटरमध्ये आहे. एक्स्टेंडरला बोल लावू नये. तेथे ठीक असेल तर एक्स्टेंडरजवळ उभे राहून पाहावे. तेथे तुटले तर दुसरा टप्पा दुबळा; यंत्र राउटरकडे सरकवावे. तेथेही ठीक आणि केवळ खोलीत तुटत असेल, तर पहिला टप्पा दुबळा समजावा. एका वेळी एकच बदल करावा. एरवी गुण कशाने आला ते कळत नाही.

याखेरीज तीन लहानसहान कारणे असतात. दाट वस्तीत शेजारपाजारचे राउटर एकाच मार्गावर गर्दी करतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हे तीन मार्ग एकमेकांच्या आड येत नाहीत. त्यांपैकी मोकळा असेल तो राउटरवर निवडावा. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो, म्हणून एक्स्टेंडर त्याच्या शेजारी नको. दुसरे, फोन मोठा हट्टी असतो. दुरावलेल्या राउटरला तो चिकटून बसतो. खोलीत गेल्यावर वायफाय एकदा बंद करून चालू केले की तो जवळच्या यंत्राशी जुळतो. तिसरे, वीज जाऊन आली की कित्येकदा एक्स्टेंडर आधी जागा होतो आणि राउटर न सापडल्याने गोंधळतो. राउटर पूर्ण सुरू झाल्यावर, दोन-तीन मिनिटांनी, एक्स्टेंडर पुन्हा चालू करावा.

इंदूरच्या वाड्यात आम्ही तो एक्स्टेंडर उशापासून काढून मधल्या चौकाच्या दारापाशी, उंचावर लावला. राउटरही पोलादी कपाटामागून बाहेर काढला. बोलणे पुष्कळ सुधारले. पण अधूनमधून अडखळे. शेवटी दिवाळीपूर्वी आतेभावाने राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत तार टाकली आणि तिच्या टोकाशी ॲक्सेस पॉइंट बसविला. अशी तार १०० मीटरपर्यंत माहिती बिनतक्रार नेते आणि भिंतींची तिला पर्वा नसते. जेथे तार टाकणे शक्य आहे, तेथे तिच्याइतका भरवशाचा दुसरा उपाय नाही. भाड्याच्या घरात भिंतीला छिद्र पाडता येत नाही, तेथेच एक्स्टेंडरचे खरे प्रयोजन. आणि योग्य जागी लावला तर तो आपले काम निमूटपणे करतो.

भाऊबिजेला आत्याबाईंचा फोन आला. नातू अर्धा तास बोलला म्हणे, आणि शेवटी त्यांनीच त्याला सांगितले, ‘‘पुरे आता, तुझा अभ्यास कर.’’