कुलूप कोणी लावले?



कामगार चळवळीत माझी तीस वर्षे गेली, तेव्हा टाळेबंदी हा शब्द मला नवा नाही. कुलूप दिसले की आधी विचारायचे, ते कोणी लावले आणि कशासाठी? संगणकासमोर बसताच हा धडा मी विसरलो आणि त्याचा भुर्दंड अकरा कामगारांना पडला. ती हकीकत आधी सांगतो.

आमच्या कचेरीतील संगणकावर कारकुनाचे एक खाते होते. जुने कारकून गेले, नव्या बाई आल्या. जुनी मांडणी काढून तेच खाते त्यांना कोरे करून द्यावे, म्हणून मी दुसऱ्या खात्यातून 'यूजर्स' फोल्डरात शिरलो आणि कारकुनाचे फोल्डर पुसू लागलो. काही फाइली पुसेनात. 'फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे,' असे यंत्र सांगे. मी संगणक पुन्हा सुरू केला, उरलेलेही पुसले आणि खुशीत घरी गेलो. दुसऱ्या दिवशी बाईंनी अकरा जणांच्या ग्रॅच्युइटीचे हिशेब करून डेस्कटॉपवर ठेवले. सकाळी पाहतात तो डेस्कटॉप रिकामा!

असे का झाले? विंडोजमध्ये प्रत्येकाचे जे बिऱ्हाड असते, त्याला प्रोफाइल म्हणतात. सामान फोल्डरात असते; त्याची नोंद मात्र रजिस्ट्री नावाच्या दप्तरात, 'प्रोफाइललिस्ट' या सदराखाली असते. मी सामान फेकले, नोंद तशीच राहिली. नोंद आहे पण घर नाही, असे दिसले की विंडोज तात्पुरते प्रोफाइल उघडून देते आणि साइन आउट करताच ते पुसून टाकते. तशी सूचना पडद्यावर येतेही. पण तिचा अर्थ बाईंना आम्ही सांगितला कुठे होता?

आता कुलपाविषयी. प्रोग्रॅम फाईल उघडताना विंडोजला सांगतो, की माझे काम चालू असता इतरांनी ती वाचावी, लिहावी की पुसावी. पुसण्याची मुभा नसेल तर विंडोज पुसू देत नाही. 'एनटीयूजर डॉट डॅट' या फाईलमध्ये माणसाच्या खात्याच्या अनेक सेटिंग्ज असतात, आणि तो साइन इन असेतो ती उघडीच असते. कारकुनाच्या खात्यातून कोणी साइन आउटच केले नव्हते. कुलूप मला तेच सांगत होते.

मग योग्य रीत कोणती? प्रथम त्या खात्यातून साइन आउट करावे. दुसऱ्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून कामाच्या कागदांची नक्कल बाहेर काढावी. मग 'अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज'मधील 'यूजर प्रोफाइल्स' येथून प्रोफाइल काढावे, म्हणजे सामान व नोंद दोन्ही जातात. पुढच्या साइन इनला 'डिफॉल्ट' प्रोफाइलची नक्कल होऊन नवे बिऱ्हाड थाटले जाते. एखादी फाईल कोणी अडवली हे कळत नसेल, तर 'रिसोर्स मॉनिटर'मध्ये तिचे नाव शोधावे. धरून बसलेला प्रोग्रॅम सापडतो.

बाईंनी हिशेब पुन्हा केले. दोन दिवस त्यांचे गेले, चूक माझी होती. कुलूप दर वेळी मालकाचेच नसते. आत कोणी काम करीत आहे, एवढेच कित्येकदा ते सांगत असते.