एमआरआयच्या रिपोर्टमधला ठिपका: टीबी की जंत?

पहिल्यांदाच आकडी येते, डॉक्टर एमआरआय सांगतात आणि रिपोर्टमध्ये लिहून येते, 'रिंग एन्हान्सिंग लिजन'. पुढे दोन आजारांची नावे, प्रश्नचिन्ह आणि शेवटी 'क्लिनिकल कोरिलेशन'. घरात लगेच कॅन्सरची भीती शिरते. खरे तर त्या शब्दांचा अर्थ एवढाच की, मेंदूत कडा चमकणारा ठिपका दिसतो, पण नुसत्या फोटोवरून नाव सांगता येत नाही. पेशंट तपासून ठरवा.

आपल्या देशात असा एकच लहान ठिपका दिसला, तर बहुधा दोन शंका असतात: टेपवर्म जंताची अळी किंवा टीबीची गाठ. फोटोत दोन्ही सारख्या दिसू शकतात. ठिपका गोल, २० मिलिमीटरपेक्षा लहान आणि हातापायांत कमजोरी नसेल, तर कल अळीकडे. मोठा, वेडावाकडा असेल, ताप असेल, वजन घटत असेल, घरात कुणाला टीबी झाला असेल, तर टीबीकडे. म्हणून पुष्कळदा आकडीची गोळी सुरू करून काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन सांगतात. हे टाळणे नव्हे. अळीचा लहान ठिपका अनेकदा आपोआप विरतो. मेंदूच्या टीबीची औषधे मात्र साधारण ९ ते १२ महिने घ्यावी लागतात.

जंताचे नाव निघाले की 'काय खाता?' असा टोमणाही येतो. कच्चे राहिलेले डुकराचे मांस खाल्ल्याने टेपवर्म आतड्यात वाढतो, हे खरे. पण मेंदूतली अळी येते ती जंत असलेल्या माणसाच्या विष्ठेतल्या अंड्यांतून. न धुतलेले हात, घाण पाणी, कच्ची भाजी यांवाटे. जन्मभर शाकाहारी असलेल्यांनाही ती होते. यात लाजण्यासारखे काही नाही.

ओपीडीत वेळ थोडा मिळतो. जुन्या फिल्म, चालू गोळ्या आणि मोबाइलवर काढलेला आकडीचा व्हिडिओ सोबत न्या. घरातला टीबी लपवू नका. विचारा: ठिपका केवढा आहे? छातीचा एक्स-रे काढायचा का? पुन्हा स्कॅन कधी? गोळी किती दिवस? समजले नाही तर 'साध्या मराठीत सांगा' म्हणा.

जंताचे औषध दुकानातून मनाने आणू नका. अळी मरताना मेंदूची सूज वाढू शकते. आकडीची गोळी मनाने बंद करू नका. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही, डोकेदुखी आणि उलट्या वाढल्या, नजर अंधुक झाली किंवा शुद्ध हरपू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता पेशंटला तातडीने दवाखान्यात न्या.